पिवळ्या रेषेच्या मागे

४ मार्च

टकटक्या,

आशीर्वाद. घ्यायचे नसतील तर टेबलावर ठेव, पण परत पाठवू नकोस.

तीन वर्षांनी लिहितोय. फोन का करत नाही, असं तुझी वहिनी विचारते. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प बसतोस, हे तिलाही ठाऊक आहे. शिवाय माझा नंबर बघून तू उचलणार नाहीस, आणि वाजत राहिलेला फोन मला ऐकवत नाही. पत्र निदान पोचतं. फाडायचं असलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

इकडे सगळं ठीक. वर्कशॉप जिथल्या तिथं, पत्र्याखाली भाजतंय. माझे गुडघे खड्ड्यात उतरताना एक आवाज काढतात आणि चढताना दुसरा. एकतीस मेला मी निवृत्त. खालची माणसं अजून तोंडावर उस्ताद म्हणतात, आणि पाठ फिरली की काय म्हणतात तेही मला माहीत आहे, कारण ते नाव तूच ठेवलं होतंस.

आम्हाला नव्या साहेब आल्यात. बाई आहेत, वयानं तुझ्याहून लहान. पहिल्याच दिवशी फाटकाजवळच्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. फळ्यावर नेहमीप्रमाणे खडूनं लिहिलेलं, ‘गाड्या चाळीस, तयार सदतीस’. बाई म्हणाल्या, “छान. किल्ल्या आणा.” स्टोअरकीपरचा चेहरा तू बघायला हवा होतास. सदतीसपैकी तेवीस चालू झाल्या. एक चालू झाली ती बंदच होईना. एकीला स्टार्टरच नव्हता. तो काढून दुसरीला लावलेला, आणि दुसरीला बॅटरी नव्हती. बाईंनी विचारलं, “मग ही तयार कशी?” स्टोअरकीपर म्हणाला, “मॅडम, कागदावर पार्ट यायचाय, आला की तयार.” बाईंनी स्वतःच्या हातानं फळा पुसला आणि तेवीस लिहिलं. मला त्या आवडल्या, पण अजून तसं दाखवलेलं नाही.

आणखी एक. आपल्या शेडमध्ये मी एक पिवळी रेषा मारली आहे. तू गेल्यावर मारली, म्हणून तुला माहीत नाही. गाडीपासून चार पावलांवर. ज्यानं काम केलं त्यानं तपासणीच्या वेळी त्या रेषेच्या मागे जाऊन उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तपासणारा हवा तेवढा वेळ घेईल. सगळे मला चक्रम म्हणतात, पण उभे राहतात. बाईंनी विचारलं, “ही कल्पना कुणाची?” मी म्हटलं, “माझीच.” आता सगळ्या शेडमध्ये रेषा मारायचा हुकूम निघालाय. घरी येऊन तुझ्या वहिनीला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “भाजी करपतेय, बाजूला व्हा.”

बाकी विशेष काही नाही. हां, ती रुग्णवाहिका आता मोडीत निघतेय. तीच, जिच्यापायी आपण बोलत नाही. दुरुस्तीला परवडत नाही असं ठरलंय. वीस मेला तिचं नोंदींचं पुस्तक कायमचं बंद होईल. तुला कळवावंसं वाटलं, एवढंच.

तुझा,
दादा

१९ मार्च

टकटक्या,

पंधरा दिवस झाले. पोस्टमनला रोज विचारतो, आता तो मला बघून रस्ता बदलतो.

आज कचेरीत एक पत्र आलंय, तुझ्याबद्दल. तुझ्या लिफ्ट कंपनीचं. ‘सदर इसमास तपासणी व सहीचे अधिकार देण्यास आपली हरकत आहे काय?’ सदर इसम! ज्याला मी अकरा वर्षांनी मोठा भाऊ म्हणून खांद्यावर बसवून शाळेत नेलं, तो सदर इसम. लिफ्ट तू दुरुस्त करतोस आणि सही दुसराच कुणीतरी करतो, असं तुझी वहिनी म्हणाली. तिला तुझ्या बायकोनं सांगितलं. दोघी जावांचं फोनवर रोज चालतं, आणि आपण दोघांनी मात्र समजायचं की त्यांच्याकडे एकमेकींचा नंबर नाही.

कारकून म्हणाला, उत्तर काय द्यायचं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच आहे, त्याची नक्कल पाठवतो. मी पुस्तक उघडून पुन्हा वाचलं. ‘स्टिअरिंगच्या दांड्याच्या नटातील पिन जागेवर नसल्याने नट सुटला. पिन बसवली होती की नव्हती हे ठरवता येत नाही. मात्र तपासणाऱ्याने न पाहता सही केल्याचे स्वतः कबूल केले आहे. सबब दोष तपासणाऱ्याचा.’ खाली तुझं नाव, आणि तुझे तपासणीचे अधिकार काढून घेतल्याचा शिक्का.

आता तू मला सांग, चौकशीत इतकं सरळ बोलायची काय गरज होती? “साहेब, मी पाहिलं नाही. सही केली.” एवढं एक वाक्य बोलून गप्प बसलास. पाच माणसं टेबलापलीकडे तोंड उघडं ठेवून बघत राहिली. असं कुणी बोलतं का? ‘पाहिल्यासारखं आठवतं’ म्हटलं असतंस तर दोघांनाही नुसती ताकीद मिळून प्रकरण मिटलं असतं. लहानपणी काच फोडलीस तेव्हाही तसंच. कुणी विचारायच्या आधी ‘मी फोडली’ म्हणून दारात उभा.

मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की माझ्या आठवणीप्रमाणे पिन घातली होती. आजही तेच सांगतो.

तू वर्कशॉप सोडायला नको होतंस. राग आला की हातातलं काम टाकून जायचं, ही तुझी जुनी खोड आहे. मी कारकुनाला सांगितलंय, उत्तराची घाई करू नकोस, वीस मेला पुस्तक बंद होतंय, तेव्हाच एकदम पाठव. त्यानं मान डोलावली. त्याला काम लांबवायला कारणच हवं असतं.

तुझा,
दादा

(भाऊजी, समासात मी लिहितेय, हे चष्मा शोधताहेत तोवर. रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसतात आणि विचारलं की ‘हवा खातोय’ म्हणतात. तुमचं उत्तर येईपर्यंत आम्हाला हवाच खावी लागणार. — वहिनी)

२ एप्रिल

टकटक्या,

उत्तर देऊ नकोस, चालेल. मीच बोलतो.

आज लंबू भेटला, त्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. रोजच भेटतो, फाटकावर पहारा देतो आता. पण आज थांबलो. अपघातानंतर ज्या पायात सळी घातली तो पाय थोडा आखूड झालाय, म्हणून उभा असताना एका विटेवर पाऊल ठेवतो. वीट त्यानंच शोधली, तिला रंगही दिलाय. म्हणाला, “उस्ताद, मी नशीबवान. मागे रुग्ण नव्हता.” त्या उतारावर स्टिअरिंग हातात नुसतं गरगर फिरायला लागलं तेव्हा त्यानं गाडी मुद्दाम डोंगराच्या बाजूला घातली, म्हणून वाचला. चांगला ड्रायव्हर. आता गाडी चालवत नाही. मला विचारत होता, “धाकटे काय म्हणतात? त्यांना माझा नमस्कार लिहा.” तुझा त्याला राग नाही. माझा राग यायला तर त्याच्यापाशी काही कारणच नाही, आणि तेच मला खात होतं.

मग घरी आलो आणि बसून राहिलो. तुला टकटक्या हे नाव कसं पडलं ते आठवत होतो. चार वर्षांचा असशील. घरातल्या प्रत्येक भांड्यावर चमच्यानं टकटक करून बघायचास. आई ओरडायची. एकदा तू पाण्याच्या टाकीवर टकटक केलंस आणि म्हणालास, “दादा, ही इथपर्यंत रिकामी आहे.” बोट ठेवलंस तिथपर्यंतच रिकामी होती. वर्कशॉपात आणलं तेव्हा तू छोटी हातोडी घेऊन चाकांच्या नटांवर टकटक करत फिरायचास आणि आवाजावरून सैल नट सांगायचास. मी सगळ्यांना बोलावून दाखवायचो, जसा काही तुझा कान मीच बनवलाय. बाबा गेल्यावर तुला मी वाढवलं, काम मी शिकवलं, आणि तू माझ्याहून चांगला निघालास. हे मी तुला कधी बोललो नाही. आज लिहून टाकलं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

पिन सापडली.

तुझ्या वहिनीचा बटणांचा डबा आहे ना, बिस्किटांचा जुना, त्यात. गेल्या महिन्यात शर्टाचं बटण शोधताना हाताला लागली. त्याच मापाची. तिचे पाय सरळ आहेत. तुला समजावून सांगायला नको, तरी लिहितो, कारण मला लिहायलाच हवं. नटाच्या खाचेत घातलेल्या पिनचे पाय आपण दोन्हीकडे वाकवतो. एकदा वाकवलेली पिन पुन्हा कितीही सरळ केली तरी वाकल्याची खूण राहते. हिच्यावर खूण नाही. ती कधी कुठल्या नटात गेलीच नाही. ती माझ्या कोटाच्या खिशात होती.

म्हणजे मी पिन घातली नव्हती.

त्या दिवशी स्टोअरकीपर बारीक पिना देत होता. मी त्याच्याशी भांडून योग्य मापाची आणली, खिशात टाकली आणि परत आलो तेव्हा वेगळीच गडबड चालली होती. विसरलो. तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि नेमकी तिथं.

मला गेल्या महिन्यात कळलं. कळल्यावर तुला सांगतोय.

तुझा,
दादा

१७ एप्रिल

टकटक्या,

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली. मी लिहिली आणि तुझ्या वहिनीनं पकडली.

तिला मी पत्र वाचून दाखवलं होतं, पाठवल्यानंतर, कच्च्या कागदावरून. शहाणपणा बघ माझा. पिन आणि डबा इथपर्यंत आलो आणि ती भाजी निवडता निवडता थांबली. म्हणाली, “गेल्या महिन्यात?”

मी म्हटलं, “हो.”

“अहो, कोट धुवायला घेतला तेव्हा ती पिन मीच तुमच्या हातात दिली होती. ‘ही कसली हो?’ म्हणून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘असू दे, कामाची नाही’, आणि स्वतः डब्यात टाकलीत. चौकशीच्या आदल्या दिवशी. इस्त्रीचा कोट हवा म्हणून तर धुतला होता.”

मग पुढे म्हणाली, “म्हणजे माझ्या डब्यात तीन वर्षं ते ठेवलं होतंत? मी त्यातून तुमच्या शर्टांना बटणं लावत होते.” आणि उठून गेली. त्यानंतर दोन दिवस मला चहा मिळाला, जेवण मिळालं, सगळं वेळेवर मिळालं, फक्त बोलणं मिळालं नाही. तुम्हा दोघांचं याबाबतीत बरं जमतं.

तर असं आहे. चौकशीच्या आदल्या दिवशीपासून मला माहीत होतं. पाच साहेबांसमोर ‘माझ्या आठवणीप्रमाणे’ म्हणालो तेव्हा माहीत होतं. मी घाबरलो रे. तीस वर्षांचं नाव, ‘उस्तादांनी लावलेला नट म्हणजे डोळे झाकून चला’ असं ज्याच्याबद्दल बोलायचे तो मी. वाटलं, दोघांनाही ताकीद मिळेल आणि संपेल. तू इतकं खरं बोलशील हे माझ्या हिशेबात नव्हतं. खरं तर तुला ओळखून मला ते कळायला हवं होतं.

आणि फाटकापाशी. सामानाची पिशवी खांद्याला लावून तू उभा होतास. विचारलंस, “दादा, मला एकट्यालाच सांग. घातली होतीस ना?” तुला माझ्याकडून तेवढंच हवं होतं. ‘नव्हती घातली’ असं म्हटलं असतं तरी तू कुणाला सांगितलं नसतंस, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि मी म्हणालो, “हो.”

तू माझ्याकडे बघितलंस. नट सैल आहे हे कळल्यावर जसं बघायचास तसं.

बाकीचं सगळं मला कदाचित भीतीच्या खाती टाकता येईल. ते ‘हो’ कुठंच टाकता येत नाही.

दादा

५ मे

टकटक्या,

आज बाईंकडे गेलो. पिन कागदात गुंडाळून नेली होती. त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पिनचं सगळं सांगितलं. उभ्यानंच. त्यांनी बसायला सांगितलं तेव्हा गुडघ्यांनी आपला नेहमीचा आवाज केला.

त्यांनी पिन खिडकीपाशी नेऊन पाहिली. पायांवरून नख फिरवलं. मग म्हणाल्या, “उस्ताद, तुमचे सव्वीस दिवस उरलेत. एक जूननंतर येऊन सांगितलं असतंत, तर तुम्हाला कुणी हात लावला नसता.”

मी म्हटलं, “मॅडम, वीस तारखेला पुस्तक बंद होतंय. त्यानंतर सांगितलं तर नुसत्या गप्पा झाल्या असत्या. आणि त्याच्या कंपनीला नक्कल गेली असती.”

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, चौकशी बोर्डापुढे लेखी निवेदन द्या, मी मांडते, शेरा बदलता येईल. तुमचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. उस्तादपद जाईल, निरोपसमारंभ होणार नाही, आणखीही काही होऊ शकेल. मी म्हटलं, समारंभात भाषणं असतात, वाचलो. त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आता कळलं ती पिवळी रेषा कुठून आली.”

त्यांना अर्धंच कळलंय. तुला पूर्ण माहीत आहे, आणि तू चौकशीत ते बोलला नाहीस. तीन वर्षांत कुणालाही बोलला नाहीस. म्हणून ते मीच निवेदनात लिहिलंय. निवेदन सोबत जोडलंय. तरी इथेही लिहितो, कारण हे तुला सांगायचंय, बोर्डाला नाही.

त्या दिवशी तुला तपासणीचा अधिकार मिळून पहिलाच दिवस. पहिली सही माझ्याच कामावर व्हावी असा हट्ट माझा. मी सगळ्यांना चहा सांगितला होता. स्टोअरमधून पिन घेऊन आलो तर सगळी शेड गाडीभोवती गोळा, कप हातात, आणि तू गाडीचं जॉब कार्ड घेऊन उभा, कान लाल झालेले. मला इतका आनंद झाला की खिशातल्या पिनची आठवण पार पुसली गेली. मी ओरडलो, “चला, साहेब, तपासा!” सगळे हसले.

तू हसलास आणि मग वाकलास. एक गुडघा खाली टेकलास, दिवा हातात घेतलास, हातोडी काढलीस. तू खाली जात होतास. आणखी एक क्षण गेला असता तर तू तो नट बघितला असतास, आणि मी तिथंच कपाळावर हात मारून पिन घातली असती, आणि आयुष्यभर तू मला त्यावरून चिडवलं असतंस.

आणि मी काय म्हणालो? “काय रे, आता मोठ्या भावाची परीक्षा घेणार का?”

गंमत म्हणून म्हणालो. खरंच गंमत म्हणून. पण सगळे मोठ्यानं हसले, आणि तू उठलास. गुडघा झटकलास. कार्डावर सही केलीस.

तुझा दोष एवढाच की तुझा मोठा भाऊ हसला आणि तू उठलास. त्या पुस्तकात हे कुठंच नाही. म्हणून मी ती रेषा मारली. काम करणाऱ्यानं तपासणाऱ्याच्या जवळ उभं राहू नये. तो साहेब असो, उस्ताद असो, भाऊ असो. विशेषतः भाऊ. सगळ्यांना वाटतं शिस्त आहे. रोज सकाळी मी त्या रेषेकडे बघतो आणि मला तुझा झटकलेला गुडघा दिसतो.

निवेदन मी जॉब कार्डाच्या नमुन्यावर लिहिलंय, कारण दुसरं काही नीट लिहिता येत नाही मला. ‘काम करणारा’ इथं माझी सही आहे. ‘तपासणारा’ हा रकाना कोरा आहे. बाई म्हणतात, त्या वेळी हजर असलेल्याची सही हवी, आणि शक्य असेल तर वीसला तो स्वतः हवा. येणं तुझ्यावर. मी तुला ये म्हणणार नाही, तो हक्क मी फाटकापाशी घालवला.

पण तपास. ओळ ओळ तपास. एकही शब्द सैल वाटला तर सही करू नकोस. घाई नाही. तुला हवा तेवढा वेळ घे.

मी रेषेच्या मागे उभा आहे. तोंड बंद.

दादा

१२ मे

दादा,

नमस्कार. वहिनीलाही.

निवेदन तपासलं. चार वेळा वाचलं. सही केलेली नाही. दोष सापडले ते लिहितो.

पहिला. ‘तपासणाऱ्याचा काही दोष नाही’ असं तू तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंयस. चूक. मला अधिकार दिला होता तो न उठण्यासाठीच दिला होता. तू हसलास म्हणून मी उठलो असं लिहिलंयस, तेही बरोबर नाही. मी उठलो कारण मला वाटलं, दादाचं काम आहे, त्यात काय बघायचं. हे माझं आहे. माझं मला राहू दे. तो परिच्छेद काढून नीट लिही, नाहीतर मी चौकशीत खोटं बोललो असं होईल, आणि मी बोललो नव्हतो.

दुसरा. लंबूचं नाव एकदाच आलंय. त्याच्या पायाबद्दल दोन ओळी हव्यात. शिवाय त्याला हे तू स्वतः जाऊन सांगायचंस, पुस्तक बंद व्हायच्या आधी. विटेवर पाय ठेवून तो तुला नमस्कार करतो आणि तू तो घेतोस, हे बरोबर नाही.

तिसरा. फाटकावरचं तू निवेदनात लिहिलेलं नाहीस. ते बरोबर केलंस, ते बोर्डाचं काम नाही. ते पत्रात लिहिलंस, मी वाचलं. तुझ्या हसण्याचा मला कधी राग नव्हता, दादा. पिनचाही नव्हता. कुणाकडूनही राहते. मला फक्त त्या ‘हो’चा राग होता. मला ते तेव्हाच कळलं होतं. तुझा आवाज वेगळा आला होता. मग वाटलं, ज्याला घराचा खांब समजलो, त्याच्यावर आता टकटक करायची मला भीती वाटते. म्हणून फोन उचलले नाहीत. नंबर बदलून आलेले चारही फोन तुझेच होते, हे मला माहीत होतं.

आता पुन्हा वाचतोय तेव्हा आवाज भरीव येतोय.

पत्रं सगळी आली. पहिलं फाडायला घेतलं होतं. स्टार्टर नसलेल्या गाडीपाशी हसू आलं आणि फाडायचं राहिलं. माझी बायको म्हणाली, हसताय कशाला, फाडा की.

कागद बघून तपासणी होत नाही, गाडीखाली जावं लागतं, हे तूच शिकवलंस. म्हणून सही इथून करणार नाही. रजा घेतली आहे. अठराला सकाळच्या गाडीनं दोघंही येतोय. दुरुस्त केलेलं निवेदन तयार ठेव. ती रुग्णवाहिका अजून शेडमध्ये असेल तर मला एकदा तिच्याखाली जायचं आहे. दिवा आणि हातोडी माझी मी आणतो.

मी वाकेन तेव्हा तू रेषेच्या मागे थांबू नकोस. जवळ उभा राहा. हसलास तरी चालेल. या वेळी मी उठणार नाही.

तुझा,
टकटक्या